बिनतारी ध्वनिक्षेपक मुका झाला तर



ऐकू न आलेला उपदेश हा न केलेल्या उपदेशासारखाच होय. आपल्या कोरगावसारख्या गावी फेस्ताच्या दिवशी मंडपात पुढच्या जागा भरल्या की मागे येऊन टेकतात ती बहुधा वृद्ध मंडळी. कानांनी मंद झालेल्या या माणसांसाठीच आपण वर्गणी काढून बिनतारी ध्वनिक्षेपक घेतो. तो ऐन वाचनाच्या वेळी मुका झाला म्हणजे दोन गोष्टी हटकून घडतात. यंत्र सांभाळणाऱ्या मुलावर सर्वांचा रोष होतो, आणि नवे यंत्र घेण्याचा ठराव होतो. त्यापूर्वी थोडा विचार करणे न्यायाचेही आहे आणि काटकसरीचेही.

बिनतारी विद्येचे एक जनक मार्कोनी यांनी उभारलेले व्हॅटिकन रेडिओचे केंद्र १२ फेब्रुवारी १९३१ रोजी अकराव्या पायस पोपमहाशयांच्या हस्ते सुरू झाले. आपल्या कमरेला अडकवलेली डबी हे अशाच केंद्राचे धाकटे भावंड होय. छातीवरचा माईक आवाजाची वीज करतो. डबी, म्हणजे प्रक्षेपक, ती लहरींवर चढवून पाठवितो. ग्राहकयंत्र त्या झेलते. पुढे ध्वनिवर्धक आणि कर्णे. ही एक साखळी आहे. तुटलेली कडी शोधावयाची असेल तर एका वेळी एकच कडी तपासावी. चार खुंट्या एकदम पिळल्या तर दोष कोठे होता हे कधीच कळत नाही.

प्रथम ध्वनिवर्धकाला साधा तारेचा माईक जोडून बोलून पाहावे. आवाज आला तर ध्वनिवर्धक व कर्णे निर्दोष. मग ग्राहकयंत्राकडे वळावे. त्यावर बहुधा दोन खुणेचे दिवे असतात. एक लहर पोहोचल्याचा, दुसरा आवाज पोहोचल्याचा. पहिलाच पेटत नसेल तर प्रक्षेपकाची बॅटरी पाहावी, आणि दोहोंवर वाहिनीचा क्रमांक एकच आहे ना हे पाहावे. पहिला पेटतो, पण बोलताना दुसरा हलत नाही, तर आवाज बंद करण्याचे बटण, माईकची पिन आणि पिनेजवळची तार तपासावी. रोज वाकून तार बहुधा तेथेच तुटते. दोन्ही दिवे पेटूनही कर्णा गप्प असेल, तर ग्राहकयंत्रापासून ध्वनिवर्धकाकडे जाणारी तार संशयित समजावी.

बॅटरीचा दिवा पेटला म्हणजे बॅटरी भरलेली आहे असे नव्हे. नव्या अल्कलाईन सेलचा दाब सुमारे १.५ व्होल्ट असतो, पुन्हा भरता येणाऱ्या सेलचा सुमारे १.२. जुना व नवा सेल एकत्र घालू नये. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत डबीतील पत्र्यांना गंज चढतो. म्हणून मिस्सा आटोपताच सेल काढून ठेवावेत. अल्कलाईन सेल पाझरून पांढरा थर बसला असेल, तर कापसावर थोडा व्हिनेगर घेऊन तो पुसावा व जागा पूर्ण कोरडी करावी.

शनिवारी रिकाम्या मंदिरात चाललेले यंत्र फेस्ताच्या गर्दीत अडखळते, याचेही कारण आहे. मानवी देहात पाणी पुष्कळ असते व ते लहरी शोषून घेते. ६०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ५० सेंटिमीटर लांब असते. डबीची शेपटी तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडी अधिक. ती खिशात दुमडू नये, अंगाला चिकटू देऊ नये. ग्राहकयंत्र सामानाच्या कपाटात न ठेवता माणसांच्या डोक्यांहून उंच, वेदीवरून दिसेल असे ठेवावे.

मध्येच परका आवाज वा खरखर आली तर दोन प्रक्षेपक एकाच वाहिनीवर नाहीत ना हे पाहावे, आणि डबी व ग्राहकयंत्र या दोहोंवरील वाहिनी बदलावी. जुने यंत्र ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत असेल तर अधिक सावध राहावे. २०२२ च्या लिलावात त्या पट्ट्यातील लहरी मोबाईल सेवेकडे गेल्या आहेत. शिट्टी मात्र प्रक्षेपकाचा दोष नव्हे. माईक कर्ण्याचा आवाज पुन्हा ऐकू लागला म्हणजे ती उठते. अशा वेळी कर्ण्यांच्या मागे उभे राहावे, माईक तोंडाजवळ घ्यावा व आवाज थोडा उतरवावा.

एवढे करूनही यंत्र बोलले नाही, तर मिस्सा खोळंबू नये म्हणून वेदीजवळ तारेचा माईक जोडून तयार ठेवावा. यंत्र सांभाळणाऱ्या मुलाला एक वही द्यावी. सेल केव्हा बदलले, कोणत्या वाहिनीवर खरखर आली, हे त्याने तीत लिहावे. आणि आदल्या सायंकाळच्या चाचणीस एखाद्या मंद कानांच्या आजोबांना अगदी शेवटच्या बाकावर बसवावे. त्यांनी मान डोलावली की यंत्र ठीक आहे असे खुशाल समजावे.