गोरं होण्यासाठी नाही!

आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरून माथेरानचा डोंगर रोज दिसतो. गेल्या डिसेंबरात भिवपुरीहून गारबेट पठारमार्गे वर चढायचं ठरलं, आणि आमच्या विंगमधल्या दोघींनी ऐनवेळी नाव मागे घेतलं. कारण? "आई म्हणेल, किती काळी पडलीस!" एकीसाठी म्हणे स्थळं बघणं सुरू होणार होतं. मी पडले कॉन्व्हेंटची, 'स्थळं' म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं. समजलं तेव्हा रागच आला.

मी ट्रेकला गेले. सनस्क्रीन लावून गेले, आणि तरी भाजले! ट्यूबवर 'मिनरल, एसपीएफ ५०' असं छापलेलं. पण लावल्यावर चेहरा पांढराफटक. मुलं "भूत, भूत" ओरडायला लागली म्हणून मी अर्धं पुसून टाकलं. हवा गार, पठारावर वारा. ऊन लागतंय असं वाटलंच नाही. संध्याकाळी नाक लालबुंद, चार दिवसांनी सालं निघाली.

मग सबमिशन बाजूला ठेवून जरा वाचन केलं. त्यातून कळलेला फंडा असा. मिनरल सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं, कधी दोन्ही. हे कण आरशासारखे किरण परतवतात असं सगळे सांगतात. खरं तर परतवतात थोडेच. बहुतेक अतिनील किरण ते शोषून घेतात. दोन्ही सेमीकंडक्टर आहेत, बँड गॅपचा धडा इथे कामाला येतो! टायटॅनियम यूव्ही-बी चांगलं अडवतं, पण लांब लहरींच्या यूव्ही-एला झिंक जास्त भारी. शिवाय टायटॅनियमचा अपवर्तनांक २.६ च्या आसपास, झिंकचा सुमारे २. म्हणून टायटॅनियमवालं जास्त पांढरं दिसतं. आपल्या सावळ्या चेहऱ्यावर 'भूत' होतं ते असं.

रोजच्यासाठी, म्हणजे वर्ग-मेस-लायब्ररीसाठी, माझं मत आयर्न ऑक्साइड घातलेल्या रंगीत झिंकला. ते पांढरं दिसत नाही, आणि डाग वाढवणारा दृश्य प्रकाशही थोडा अडतो. एसपीएफ ३० पुरे. नीट लावलं तर ३० मधून त्वचा भाजवणारे साधारण ३.३ टक्के किरण आत येतात, ५० मधून २ टक्के. एवढ्या फरकासाठी पॉकेटमनी उडवू नका. यूव्ही-एसाठी 'पीए'पुढची अधिकची चिन्हं मोजा.

ट्रेकला मात्र घामात टिकणारं, झिंकचं, ५० वालं घ्या आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. पांढरं दिसलं तर दिसू दे! माथेरान ८०० मीटरवर आहे, आणि दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. गारव्यावर जाऊ नका. उष्णता वेगळी, अतिनील वेगळं.

आता हिशेब. एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढतात. संपूर्ण अंग १.७ चौरस मीटर धरलं तर एका वेळेला ३४ ग्रॅम! ५० ग्रॅमची ट्यूब दीड वेळाही पुरत नाही. पातळ हात फिरवला की छापलेला आकडा फक्त ट्यूबवरच राहतो. म्हणून आधी टोपी आणि पूर्ण बाह्या. क्रीम उरलेल्या जागेला.

हे शहाणपण मला वर एका घोडेवाल्या काकांकडे दिसलं. दिवसभर उन्हात, पण अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल. माझं नाक बघून म्हणाले, "ताई, सकाळी लवकर निघायचं आणि अकराच्या आत झाडीत शिरायचं." फुकटातलं सनस्क्रीन! माथेरानच्या झाडीत ते भरपूर आहे.

मुलांनो, हे 'मुलींचं क्रीम' नाही. तुमचीही नाकं सोलतात. आणि मुलींनो, हे गोरं व्हायचं क्रीमही नाही. ज्या भीतीने आपण घरात बसतो, तीच भीती विकून दुकानं चालतात. सनस्क्रीन उन्हात जाता यावं म्हणून आहे, उन्हाला घाबरावं म्हणून नाही.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा गारबेट. त्या दोघींची नावं मी यादीत आधीच लिहून टाकली आहेत. ट्यूब माझी, टोप्या तुमच्या. काळ्या पडलो तर सगळ्याच पडू!