दोर ओढतो, रोखत नाही

आमच्या बिबवेवाडीत सोसायटीच्या पार्किंगमधून चालताना मी नडग्या सांभाळतो. उभ्या एसयूव्हींच्या मागून टोइंग हुक बाहेर आलेले असतात. मालकांचं उत्तर ठरलेलं: ‘‘मागून कोणी ठोकलं तर बंपर वाचतो!’’ या हुकांनी आजवर ट्रेलर सोडाच, बंद पडलेली स्कूटरही ओढलेली नसते. बंपर धक्का पचवण्यासाठीच असतो. थेट चासीला बोल्टने आवळलेला हुक मात्र तो धक्का सरळ चासीत पोचवतो. मागच्या दुचाकीस्वाराचा गुडघा फुटतो तो वेगळाच.

आणि जिथे खरोखर ओढायचं असतं, तिथे काय दिसतं? परवा आई माता मंदिराकडून गंगाधाम चौकाकडे उतरताना बंद टेम्पो पिकअपला नायलॉनच्या दोराने बांधलेला पाहिला. सपाटीवर दोर ताठ होता. उतार लागताच तो सैल पडला आणि टेम्पो पिकअपच्या पाठीवर आला. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला बूस्टरची मदत नाही, स्टिअरिंग जड. ड्रायव्हर पेडलवर अक्षरशः उभा होता. शेवटी चाकाखाली दगड लागला, म्हणून निभावलं.

दोन गाड्यांमध्ये ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, दोर लांबूनही दिसावा, मागच्या गाडीवर ७५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत ‘ऑन टो’ लिहिलेलं असावं, हे नियमात आहेच. पण उताराचं उत्तर दोराकडे नाही. तिथे लोखंडी टो बार हवा, नाहीतर सरळ क्रेन बोलवावी.

हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पाहा. चढावर सगळा भार हुकाच्या पिनेवर, उतारावर तोच भार मागून रेटा देतो. पिनेच्या क्लिपऐवजी तारेचा तुकडा पिळलेला असेल, तर एका खड्ड्यात पिन उडते. म्हणून हुकाखाली दोन साखळ्या एकमेकींना छेदून लावाव्यात. हुक सुटला तरी ट्रॉलीचा दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही.

हुक निवडताना भरलेल्या ट्रेलरचं वजन धरावं, रिकाम्याचं नव्हे. हुक, बोल्ट, पिन, साखळी यांत जे सगळ्यांत कमकुवत, तीच तुमची खरी क्षमता. मालही मागे लोटू नये. दांड्यावर पुरेसं वजन नसलं की वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो.

शेजाऱ्यांना मी विचारलं, ‘‘गाडी अडकली तर ओढायची कशी?’’ त्यांनी मागच्या हुकाकडे बोट दाखवलं. ‘‘आणि पुढून?’’ ते गप्प. मग आम्ही डिकीतली स्टेपनी उचलली. जॅकशेजारी, बंपरच्या छोट्या झाकणामागे आट्यांत बसणारी कंपनीची ओढकडी होती. गाडी घेऊन सहा वर्षं झालीत. कडी अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होती.