‘भावनिक होऊ नका!’

जमिनीचा दलाल घरी आला की एक वाक्य हमखास बोलतो. चहाचा कप खाली ठेवता ठेवता, अगदी घरच्यासारखे... “काका, भावनिक जावं नाकात, प्रॅक्टिकल विचार करात.” पार्सेतल्या आमच्या पडवीत बसून हे वाक्य मी गेली पंधरा-वीस वर्षे ऐकतो आहे. दलाल बदलले, त्यांच्या मोटारसायकलींच्या चारचाकी झाल्या, चौरस मीटरचा दर शेकड्यांतून हजारांत गेला. वाक्य मात्र तेच राहिले.

माझे भांडण या वाक्याशी आहे. दलालाशी नाही, तो बिचारा पोट भरतो. पण समजूतदारपणाचा आव आणणारे हे वाक्य प्रत्यक्षात विक्रीचे एक हत्यार आहे आणि आमच्या पेडणे तालुक्याच्या निम्म्या डोंगरांचा सौदा त्याच्या जोरावर होऊ घातला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाच दलाल पडवीतून उठून गिऱ्हाइकाकडे जातो, तेव्हा तिथे काय बोलतो ते कधी ऐकले आहे? मोपाचा विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. त्यानंतर तर जाहिरातींना ऊतच आला. त्यांतली चित्रे नीट पाहा. निळा समुद्र, पांढरे घर, घरासमोर ‘बाल्कांव’, बाल्कांवात वाइनचा ग्लास. आता पार्सेत समुद्र कुठे आहे? आमच्याकडे शापोरा नदी आहे, काजूचे डोंगर आहेत, भगवतीचे देऊळ आहे. घरे चिऱ्यांची, समोर तुळशीवृंदावन. बाल्कांव ही बार्देस-सासष्टीच्या ख्रिस्ती घरांची शोभा. पेडण्याच्या जुन्या घरात तो शोधून सापडायचा नाही. पण गिऱ्हाइकाला पेडणे नकोच असते. त्याला त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला, मित्रांबरोबर गाडी काढून गेलेला गोवा हवा असतो. २००१ साली ‘दिल चाहता है’ आला आणि शापोऱ्याच्या किल्ल्यावर पाय सोडून बसणे हे एका अख्ख्या पिढीचे स्वप्न झाले. ती पिढी आता पन्नाशीला टेकली आहे, तिच्या हातात पैसा आहे. दलाल तिला ते स्वप्न विकतो. ‘सुशेगाद’ हा शब्द विकतो. ‘साहेब, आयुष्यात एकदाच मिळते, मनाचे ऐका,’ असे सांगतो.

म्हणजे बघा, घेणाऱ्याला सांगायचे मनाचे ऐका आणि विकणाऱ्याला सांगायचे मनाचे ऐकू नका. या दोन सल्ल्यांच्या मध्ये जी रक्कम उरते, तिला नफा म्हणतात!

खरेदीत भावना असणे वाईट, असे मी म्हणत नाही. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या बाजारात आपण काय करतो? एरवी रानात फुकट मिळणाऱ्या कांगलांच्या आणि माट्टीच्या फळांना मागेल तो दाम देतो. विकणारी बाई डोंगर तुडवून ती घेऊन आलेली असते, आपण कशासाठी नेतो ते तिला ठाऊक असते, तिने का वाढवून सांगितले ते आपल्याला ठाऊक असते. दोघांच्याही भावना उघड्यावर मांडलेल्या. त्यात कोणी फसत नाही.

आणि भावनेशिवाय निर्णय होतो, हा तरी कुठला शोध? आंतोनियो दामासियो नावाच्या मेंदूतज्ज्ञाने १९९४ साली एक पुस्तक लिहिले. कपाळामागचा मेंदूचा ठरावीक भाग जायबंदी झालेले काही रुग्ण त्याने पाहिले. बुद्धी शाबूत, हिशेब चोख, पण भावना बोथटलेल्या. दलालाच्या मते ही आदर्श माणसे असायला हवीत! प्रत्यक्षात त्यांना साधी भेटीची तारीखही ठरवता येईना, आणि आयुष्यातले मोठे निर्णय तर धडाधड चुकत गेले.

डॅनियल काहनमन, रिचर्ड थेलर या मंडळींनी दाखवून दिलेली आणखी एक गोष्ट आहे. वस्तू एकदा आपली झाली की माणूस ती सोडताना, विकत घेताना दिली असती त्यापेक्षा जास्त किंमत मागतो. १९९० साली त्यांनी साध्या कॉफीच्या मगांवर हा प्रयोग केला होता. मग पिढ्यान् पिढ्या कसलेले डोंगर विकताना पेडणेकर अडून का बसत नाही?

मला वाटते, याचे उत्तर आमच्या इतिहासात आहे. पेडणे १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले, तरी जमीन कष्टकऱ्याची झाली नाही. ती भाटकाराची राहिली. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा, १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती, इतके सारे झाल्यावर कागदावर आमच्या आजोबांचे नाव चढू लागले. तेही मामलेदाराच्या कचेरीत वर्षानुवर्षे खेपा घालून. घाम तीन-चार पिढ्यांचा, मालकी जेमतेम दीड पिढीची. एक चौदाच्या उताऱ्यावर आपले नाव दिसते, पण ‘हे माझे आहे’ असे ताठ मानेने म्हणून भाव सांगायची सवयच अजून अंगी मुरलेली नाही. समोर गाडीतून उतरलेला, इस्त्रीचे कपडे घातलेला माणूस दिसला की आतला जुना मुंडकार जागा होतो आणि ‘तुम्हीच काय ते ठरवा’ म्हणतो. ही भावनाच आहे! दलाल ती बरोबर ओळखतो. तिला मात्र तो ‘प्रॅक्टिकल’ म्हणतो.

दुसरी भावना भाऊबंदकीची. आपल्याकडे मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, आणि स्थावर विकायचे तर नवरा-बायको दोघांची सही लागते. गोव्याच्या नागरी कायद्याचे आपण बाहेर फार कौतुक सांगतो, ते रास्तच आहे. पण यामुळे एका काजूच्या भाटाला पंधरा-वीस सह्या लागतात आणि दलालाला पंधरा-वीस घरांची दारे उघडतात. वाळपईला दिलेल्या आत्येकडे तो जातो, म्हणतो, “भावांनी तुम्हाला कधी काजूची एक बी तरी पाठवली?” मुंबईच्या काकांना म्हणतो, “गावचे लोक तुमच्या वाट्याचे बोंडू गाळून हुर्राक पितात.” गावच्या भावाला सांगतो, “बाकीच्यांनी सह्या दिल्या, तुम्हीच राहिलात.” कोणी वारले की तेराव्यानंतर आठवड्याभरात हजर. कोणाचे लग्न ठरले की साखरपुड्याआधी हजर. इतका भावनिक धंदा मी दशावतारी नाटकातही पाहिलेला नाही, आणि तिथे निदान पहाटे तोंडावरचा रंग पुसतात.

आता माझेच सांगतो. आमच्या घराण्याचे डोंगराकडचे एक भाट २००८ साली गेले. मीही सही केली. सगळ्यांना सांगितले की राखण परवडत नाही, गडी मिळत नाहीत, काजूला दर नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण सही केली ती त्यासाठी नाही. मांगराच्या वाटेवरून माझे आणि चुलतभावाचे बिनसले होते. त्या भाटात त्याने पाय ठेवू नये, एवढेच त्या दिवशी मला हवे होते. त्यासाठी मीही पाय ठेवायचा हक्क सोडला. पैशांतून एक गाडी आली, ती कधीच भंगारात गेली. चुलतभाऊ आणि मी आता बोलतो. भाटाला मात्र पत्र्याचे कुंपण आहे, आणि सतरा-अठरा वर्षांत आत काहीही बांधलेले नाही. घेणाऱ्याला घाई नव्हती. घाई फक्त आम्हाला होती.

कोणी म्हणेल, पोराच्या शिक्षणाला, आजारपणाला पैसे लागतात, तेव्हा काय भाट उशाशी घेऊन झोपायचे? अजिबात नाही. गरज असेल तर विकावे, बेलाशक विकावे. पण मग हिशेब पुरता करावा. समजा दोन हजार मीटर गेले आणि वाट्याला वीस लाख आले. बँकेत सात टक्क्यांनी वर्षाला एक लाख चाळीस हजार, त्यावर कर, आणि मुद्दल महागाईने कुरतडले जाणार. त्याच जमिनीचा दर मागच्या दहा वर्षांत कितीने चढला, ते दलालालाच विचारा. तो अभिमानाने सांगेल! ठेवणाऱ्याला ‘भावनिक’ म्हणणाऱ्याने एवढे गणित तरी मांडून दाखवावे.

२०२३ साली पेडणे तालुक्याचा झोनिंग आराखडा आला, तेव्हा गावेच्या गावे उठली आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी शेतकरी नसलेल्याला भातशेती विकायला कायद्याने बंदी आली. चांगलेच झाले. पण डोंगर त्या कायद्यात येत नाहीत. आणि सभेत वर गेलेले हात आणि साटेखतावर टेकलेले हात सगळेच वेगळे होते, असे म्हणायचे धाडस मी तरी करणार नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा एक जण आला होता. उरलेल्या भाटाविषयी. ‘भावनिक जावं नाकात’ झाल्यावर मी विचारले, “बाबा, घेणारा कोण?” म्हणाला, पार्टी दिल्लीची आहे, नाव आता सांगता येत नाही. “त्याला हेच भाट का हवे?” म्हणाला, “त्यांना इथे आल्यावर खूप शांत वाटले, काका.”

मी म्हटले, मलाही वाटते. त्याचे किती देतोस ते आधी बोल.