कर्ज फेडू, अवमान सोसणार नाही

शिरपूर तालुक्यातील वस्त्यांत आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी सकाळी एक मोटारसायकल येऊन उभी राहते. गटातल्या बाया डब्यातले, पदराच्या गाठीतले पैसे काढून आणतात, कार्डावर सही होते आणि गाडी पुढच्या वस्तीकडे निघून जाते. या व्यवहाराबद्दल आमची तक्रार नाही. घेतलेले परत करावे, यात वाद कसला? आमची तक्रार आहे ती एखाद्या घरात हप्ता जमत नाही त्या दिवशी जे घडते त्याबद्दल. वसुलीवाला त्या घराच्या ओट्यावर ठाण मांडतो. गटातल्या इतर बायांना तो बजावतो की, हिचा हप्ता आल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही. मग तासाभरात शेजारीणच शेजारणीला चारचौघांत टाकून बोलू लागते. कंपनीला पगार एकाच नोकराला द्यावा लागतो. बाकीचे काम आपल्याच माणसांकडून फुकट करवून घेतले जाते!

वाचकहो, ज्यांनी गावकीची कामे नाकारली आणि पाणवठ्यावरचा अपमान नाकारला, त्यांच्या घरातील स्त्रियांनी पाचसातशे रुपयांच्या हप्त्यापायी दारात उभा राहिलेला अपमान मुकाट्याने सोसावा काय? सोसू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु न सोसण्याचा मार्ग भांडणाचा नव्हे, आणि पळून जाण्याचा तर मुळीच नव्हे. तो कागदाचा आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहा. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपर्यंत आहे त्याला विनातारण दिलेले कर्ज म्हणजे सूक्ष्मकर्ज. त्यासंबंधी रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी निर्देश काढले. त्यांनुसार वसुली ही दोघांनी मिळून ठरविलेल्या ठिकाणीच व्हावयाची. कर्जदार लागोपाठ दोन वेळा त्या ठिकाणी आला नाही तरच माणसाला घरी किंवा कामाच्या जागी येता येते. सकाळी नऊच्या आधी आणि सायंकाळी सहानंतर फोन करण्यास मनाई आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना वा सोबतच्या कामकऱ्यांना त्रास देणे, थकबाकीदारांची नावे जाहीर करणे, न फेडल्यास काय होईल याविषयी खोटे सांगून घाबरविणे, ही सर्व कृत्ये त्या निर्देशांत निषिद्ध म्हणून नोंदली आहेत. वसुलीसाठी एजंट नेमला असेल तर त्याच्याजवळ ओळखपत्र आणि कंपनीचे अधिकारपत्र हवे. ते मागून पाहणे हा उद्धटपणा नव्हे. बँकांच्या इतर कर्जांनाही अशीच बंधने आहेत. तेथे १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी आठ ते सायंकाळी सात ही वेळ घालून दिली.

याच निर्देशांत आणखी दोन गोष्टी आहेत, त्या सहसा कोणी सांगत नाही. पहिली अशी की, घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. महिना चौदा हजार मिळविणाऱ्या कुटुंबाला सर्व कंपन्यांचा मिळून सात हजारांपलीकडे हप्ता लावता येत नाही. हे पाहण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आहे. पण अर्जात उत्पन्न फुगवून लिहिले गेले तर हे कवच आपण आपल्या हातांनी फेकून देतो. आणि ते फुगविण्याचा आग्रह पुष्कळदा एजंटच धरतो. दुसरी अशी की, फेडण्यात अडचण आलेल्या कर्जदारांना हुडकून त्यांच्याशी बोलणे व त्यांच्यापुढे कोणते मार्ग आहेत हे सांगणे, यासाठी कंपनीने व्यवस्था ठेवलीच पाहिजे. म्हणजे बोलणी करणे ही भीक नव्हे. ते कंपनीचे कर्तव्य आहे.

मग बोलणी कशी करावी? हप्ता थकल्यावर नव्हे, थकणार असे दिसताच. पाऊस लांबला, कापसाला भाव नाही, घरचा कर्ता माणूस दवाखान्यात आहे, जे खरे असेल ते साध्या अर्जात लिहावे. आज दरमहा किती भरू शकतो तो आकडा घालावा आणि अर्ज शाखेत देऊन प्रतीवर पोच घ्यावी. फोनवर झालेले बोलणे विसरले जाते. शिक्का विसरला जात नाही. सोबत खात्याचा उतारा मागावा आणि त्यात मुद्दल, व्याज व दंड हे तिन्ही वेगवेगळे दाखविण्यास सांगावे. बँका आणि वित्त कंपन्यांना दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढविता येत नाही. तो नियम १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाचा आहे. आकडा मान्य असल्याखेरीज सही करू नये. कोरा धनादेश तर कधीच देऊ नये, कारण तो न वटल्यास पैशाचा साधा दिवाणी वाद फौजदारी होऊन बसतो.

आम्ही येथे एक कडू गोष्ट सांगतो. 'आमच्याकडे शंभर रुपये आणि आधारची झेरॉक्स द्या, बायांची सगळी कर्जे माफ करून देतो' असे म्हणत हिंडणाऱ्या पुढाऱ्यांपासून सावध राहा. त्यांच्या भरवशावर हप्ते थांबविणाऱ्या कुटुंबांच्या नावापुढे थकबाकीची नोंद चढते, आणि पुढारी मात्र पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागतो.

ही नोंद म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. लोक तिला 'सिबिल' म्हणतात. सिबिल हे २००० साली निघालेल्या एका कंपनीचे नाव आहे. अशा चार कंपन्या आज देशात असून २००५ च्या कायद्याखाली त्या प्रत्येक कर्जदाराची फेड नोंदवून ठेवतात व तीनशे ते नऊशेपर्यंत गुण देतात. १ जानेवारी २०२५ पासून कर्ज देणाऱ्या संस्थांना ही माहिती दर पंधरवड्याला कळवावी लागते. ही वही बिघडली की मुलाच्या शिक्षणाचे कर्ज अडते, दुकानाचे अडते, आणि मग माणूस वळतो तो सावकाराकडेच. सावकाराला नोंदवही लागत नाही; त्याला तुमची गरज तेवढी दिसते.

आता पाहा. थकलेल्या चाळीस हजारांपैकी पंचवीस हजारांत प्रकरण मिटवू, असा निरोप येतो तेव्हा घरात आनंद होतो. पण अशा तडजोडीची नोंद 'कर्ज फिटले' अशी होत नाही. 'तडजोडीने मिटले' असे तेथे लिहिले जाते आणि पुढचा प्रत्येक बँकवाला ते वाचतो. म्हणून शक्य असेल तर हप्ते लहान करून व मुदत वाढवून पूर्ण फेड मागावी. ते अशक्यच असेल तर तडजोड जरूर करावी, न फेडण्यापेक्षा ती केव्हाही बरी. मात्र पैसे भरण्यापूर्वी तडजोडीचे पत्र कंपनीच्या कागदावर घ्यावे आणि भरल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला. एजंटच्या खासगी खात्यात एक रुपयाही टाकू नये. घराचे कागद तारण असतील तर पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत ते परत मिळाले पाहिजेत. संस्थेच्या दोषाने उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे.

नोंद चुकीची असेल तर? या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने तो काढून वाचून दाखवावा. न घेतलेले कर्ज, फेडलेले पण उघडे राहिलेले खाते, दुसऱ्यासाठी राहिलेली जामीनकी, सगळे तेथे दिसते. चूक असेल तर लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल न लागल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

कागदाचे महत्त्व आपल्या प्रांताला नवे नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले तेव्हा त्यांनी प्रामुख्याने सावकारांकडील खते आणि हुकूमनामे हिसकावून जाळले. आपल्याला कशाने बांधले आहे हे त्या अक्षरशून्य माणसांना पक्के ठाऊक होते. त्यानंतर १८७९ च्या कायद्याने कुळाला पावती व हिशेब मागण्याचा हक्क दिला. आज तो हक्क आहे, अक्षरही आहे, आणि तरीही कर्जाचे कार्ड पत्र्याच्या पेटीच्या तळाशी न वाचता पडलेले असते.

पतसंस्थांची गोष्ट वेगळी आहे. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातील कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळविता येतो. त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागत नाही. सुनावणीची नोटीस आली की हजर राहिलेच पाहिजे. नंतर त्या दाखल्याविरुद्ध दाद मागायची म्हटले तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. जामीनदारांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. विहारात शेजारी बसणाऱ्याला 'फक्त सही कर' म्हणणाऱ्याने आपण काय मागतो आहोत याचा विचार करावा. संस्था अडचणीत आली म्हणून कर्ज बुडत नाही, हेही येथेच सांगतो. एप्रिल २०२४ मध्ये शिरपूर मर्चंट्स सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांचे पैसे काढणे थांबले, तेव्हाही कर्जदारांचे देणे तसेच राहिले. ठेवीतून कर्ज वळते करण्याची मोकळीक मात्र अटींवर ठेवली होती.

सावकाराविषयी थोडक्यात. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्यास २०१४ च्या महाराष्ट्र अधिनियमाने पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कर्जापोटी खरेदीखत करून घेतलेली जमीन जिल्हा उपनिबंधकाच्या चौकशीत परत मिळू शकते. त्याला कालमर्यादा आहे, म्हणून उशीर करू नये. आखाजीला साल धरताना घेतलेल्या उचलीपायी जर सालदाराला काम सोडून जाऊ दिले जात नसेल, तर ती वेठबिगारी होय. १९७६ च्या कायद्याने तसले कर्ज रद्द केले आहे. अर्ज तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे करावा.

'तुरुंगात टाकू, भांडी उचलून नेऊ' ही धमकी खानदेशात सर्रास ऐकू येते. ऐपत नसल्यामुळे देणे न फिटणाऱ्यास तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली वर्गीस प्रकरणात सांगितले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक होतच नाही. अंगावरची वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, मजुराची मजुरी ही दिवाणी संहितेच्या कलम ६० ने जप्तीबाहेर ठेवली आहेत. वडिलांचे कर्ज मुलावर येते ते वडिलांकडून मिळालेल्या मिळकतीपुरतेच. धमकी दिली तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. जातीवरून चारचौघांत अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. बौद्ध झाल्याने हे संरक्षण गेले, असे कोणी म्हणाल्यास त्याला १९९० ची दुरुस्ती दाखवावी. तिने अनुसूचित जातींतील बौद्धांना त्या यादीत स्थान दिले.

बँक वा वित्त कंपनीने लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही, वकीलही लागत नाही. पतसंस्थेची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे. आणि शिरपूरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, तेथे मोफत वकील मिळतो. लोकअदालतीची नोटीस आली तर अवश्य जावे, हप्ते पाडून घेण्यास ती जागा चांगली आहे. मात्र तेथील निवाड्यावर अपील नाही, म्हणून अंगठा किंवा सही करण्यापूर्वी आकडा मोठ्याने वाचून घ्यावा, आणि पहिल्या हप्त्याची तारीख आपल्या हाती मजुरी पडते त्या दिवसानंतरचीच मागावी.