शोधाई

गंगाखेडला आमच्या एका जुन्या वर्गणीदाराचं गॅरेज आहे. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी सातच्या सुमाराला, शटर अर्धंच वर गेलेलं असताना, त्याला अमेरिकेतल्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. भाचा पिट्सबर्गला असतो. तिथल्या ढोल-ताशा पथकातल्या पाच-सहा जणांनी मिळून ढोल वाहायला एक जुनी व्हॅन घेतली आहे, १९९९ची फोर्ड ई-१५०, पेट्रोल. गणपती तोंडावर आले होते आणि गाडीचा एसी छळत होता.

"मामा, गार हवा येऊलाली, पण चढ लागला की सगळी काचेवर जाऊलाली. सपाटीला आलो की पुन्हा तोंडावर."

"कुणाला दाखवलास का?"

"दाखवलं की. डॅशबोर्ड खोलावा लागंल म्हणले. आतलं युनिटच बदला म्हणले."

मामाने आयुष्यात ही गाडी पाहिलेली नाही. तरी त्याने अर्ध्या तासात, सुमारे तेरा हजार किलोमीटरांवरून, हातात पाना न धरता दोष सापडवून दिला. नंतर त्याने ही हकीकत मला सांगितली तेव्हा मी त्याला दोनदा थांबवून सगळं क्रमाने लिहून घेतलं. आपल्या धंद्याबद्दल मला बरेच महिने जे म्हणायचं होतं, ते त्या अर्ध्या तासात आलं आहे.

आधी रचना. त्या पिढीच्या अमेरिकी व्हॅनमध्ये हवा तोंडावर, पायावर की काचेवर हे ठरवणाऱ्या झडपा तारेने ओढल्या जात नाहीत आणि मोटरनेही फिरत नाहीत. प्रत्येक झडपेला डायफ्रामचा एक छोटा डबा असतो आणि त्याला इंजिनाच्या मॅनिफोल्डची ओढ मिळते. डॅशबोर्डवरची खुंटी फिरवली की कुठल्या डब्याला ओढ द्यायची तेवढं बदलतं. पेट्रोल इंजिन रेसला (पेडल न दाबता) असताना मॅनिफोल्डमध्ये साधारण १८ ते २० इंच पाऱ्याची ओढ असते. चढावर पेडल दाबलं, थ्रॉटल पूर्ण उघडला, की ती जवळजवळ शून्यावर येते. तेवढा वेळ निभावून न्यायला एक चेक व्हॉल्व्ह आणि ओढ साठवणारा प्लॅस्टिकचा डबा दिलेला असतो. ओढ मुळीच उरली नाही तर स्प्रिंग झडपेला काचेकडे ढकलते. ही चूक नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. सगळं बिघडलं तरी ड्रायव्हरला समोरचं दिसलं पाहिजे.

म्हणजे भाच्याने पहिल्याच वाक्यात अर्धं निदान सांगून टाकलं होतं. हवा कायमच काचेवर जात असती तर मुख्य नळी निखळलेली असणार. फक्त चढावर जाते, म्हणजे ओढ येते आहे पण टिकत नाही.

मामाने सांगितलं, "इंजिन बंद कर, चावी चालूच ठेव. ब्लोअर फिरू दे. आता मोज."

धड व्यवस्था काही मिनिटं तरी ओढ धरून ठेवते. भाचा सहापर्यंत पोचला आणि हवा काचेवर गेली.

आता दोनच शक्यता. चेक व्हॉल्व्ह उलटा सोडतो आहे, किंवा व्हॉल्व्हच्या पुढे, आतल्या बाजूला, कुठेतरी गळतं आहे. इथे आपल्यातले बरेच जण व्हॉल्व्ह बदलून बघतील. स्वस्त असतो, हाताशी असतो. मामाने बदलायला सांगितला नाही. इंजिन चालू करायला लावलं, बॉनेट उघडून व्हॉल्व्ह आणि साठवणीचा डबा यांच्यामधली नळी पक्कडने चिमटायला लावली (खाली फडकं घेऊन, नळीला दात लागू नयेत म्हणून), आणि मग इंजिन बंद. आता ओढ टिकली असती तर दोष व्हॉल्व्हचा होता. भाचा पुन्हा सहाच्या आतच आला. व्हॉल्व्ह निर्दोष सुटला.

मग ब्लोअर बंद, इंजिन रेसला, आणि फोन डॅशबोर्डच्या खाली. खुंटी एकेक घर फिरवायची आणि प्रत्येक घरावर दहा सेकंद गप्प बसायचं. एका घरावर गंगाखेडच्या त्या दुकानात, बाहेर एसटी वळत असताना, मामाला "सूऽऽ" ऐकू आलं. शेजारच्या सीटच्या पायांशी, बाहेरची हवा की आतली हे ठरवणाऱ्या झडपेचा डबा. त्याच्या तोंडावरचं रबरी कोपर उष्णतेने ताठ होऊन चिरलं होतं. बोटभर नवी नळी घातली, काम झालं. डॅशबोर्डचा एक स्क्रूसुद्धा निघाला नाही.

आता कुणी म्हणेल, फोर्डची कथा गंगाखेडच्या परळी रोडवर काय कामाची? आपल्या व्हॅनला असल्या झडपा नाहीतच. खरं आहे. ओम्नीपासून आपल्याकडे झडपांना तार आणि तरफ. ओढीवरच्या झडपा आपल्या मुलखात बघायच्या तर १९९५ पासून पुण्यात जुळलेल्या मर्सिडीज ई-क्लासमध्ये बघाव्यात, आणि त्या गाड्या गंगाखेडला दुरुस्तीला येत नाहीत.

पण ओढ आपल्याकडेही आहे, आणि ती जास्त जोखमीच्या जागी आहे. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, म्हणून मॅनिफोल्डमध्ये भरवशाची ओढ नसते. ती तयार करायला वेगळा पंप लागतो, बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीवरच. त्या पंपावर ब्रेकचा बूस्टर चालतो. १९८७ साली तेव्हाच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या व्हॅनवरून ट्रॅव्हलर आणली. तेव्हापासून आषाढीला पंढरपूरला जाणारी, लग्नाचं वऱ्हाड नेणारी, दवाखान्याला पोचवणारी आपली मोठी व्हॅन बहुतेक डिझेलचीच राहिली. अशा गाडीला मागून एसी बसवला की कॉम्प्रेसरच्या ओझ्याने रेस पडते. ती उचलायला फिटर ओढीवर चालणारा एक छोटा डबा बसवतो. त्याला ओढ कुठून देतो? बूस्टरच्या नळीला टी मारून.

त्या टीच्या पुढची नळी मी किती प्रकारची पाहिली आहे! वायपरच्या पाण्याची, फिशटँकची, आणि सगळ्यात जास्त सलाईनची. सलाईनची नळी पारदर्शक दिसते, फुकट मिळते, पहिले दोन महिने छान चालते. पण ती आतून ढकलणाऱ्या पाण्यासाठी केलेली असते, आतून ओढणाऱ्या पोकळीसाठी नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात बॉनेटखाली ती मऊ पडते आणि ओढ लागली की चपटी होऊन बसते. पुढे थंडीत ताठ होते, तोंडाशी चिरते. चपटी झाली तर रेस उचलत नाही आणि मालक म्हणतो, एसी लावला की गाडी बंद पडते. चिरली तर पंपाची ओढ तिथून वाया जाते आणि ब्रेकचं पेडल जड होतं. मालक पहिली तक्रार घेऊन एसीवाल्याकडे जातो, दुसरी घेऊन ब्रेकवाल्याकडे. एकजण गॅस भरतो, दुसरा मास्टर सिलिंडरचं किट टाकतो. नळी तशीच.

ही चेष्टा नाही. मागच्या उन्हाळ्यात माझ्याच ओळखीच्या एका गाडीत एका हंगामात तीनदा गॅस भरला गेला. गॅस मुळात कमी नव्हताच.

आपण हे का करतो? आळस म्हणून नाही आणि अक्कल नाही म्हणून तर नाहीच. शोधण्याचे पैसे कुणी देत नाही म्हणून करतो. गॅस भरला तर बिल होतं. किट टाकलं तर जुनं किट गिऱ्हाइकाच्या हातात देता येतं. दोन तास डॅशबोर्डखाली डोकं घालून दहा रुपयांची नळी बदलली तर गिऱ्हाईक म्हणतं, नळीचेच घ्या की. मग माणूस शोधणं सोडतो आणि बदलणं धरतो. तरुण पोरांना आपण तेच शिकवतो, आणि दहा वर्षांनी त्यांना कान असून ऐकू येत नाही म्हणून कुरकुरतो.

मामाच्या दुकानात मजुरीच्या फलकावर सर्वांत वर एक ओळ आहे: शोधाई वेगळी. शिलाई, धुलाई तशी शोधाई. शब्द त्याचाच. पहिलं वर्षभर त्यावरून भांडणं झाली, दोन गिऱ्हाइकं तुटली. आता लोक आधी विचारतात, शोधाई किती, आणि बसतात. दोष सापडला नाही तर तो घेत नाही. हे मला थोडं जास्तच उदार वाटतं. डॉक्टर रोग सापडला नाही म्हणून फी परत करत नाही. पण दुकान त्याचं आहे.

शोधाई मागायची तर शोध दाखवता आला पाहिजे, आणि त्यासाठी दोन वस्तू हव्यात. एक, घड्याळ लावलेला व्हॅक्यूमचा हातपंप. प्रत्येक डब्याला १५ इंच ओढ द्यायची आणि मिनिटभर काटा बघायचा. काटा हलला तर डायफ्राम गेला, आणि ते गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, वाद उरत नाही. दुसरी, हातभर लांबीची साधी नळी. एक टोक कानात, दुसरं संशयाच्या जागी फिरवायचं, पंखा आणि पट्टे सांभाळून. नव्या नळीबद्दल एवढंच: जाड भिंतीची, ओढीसाठी केलेली घ्या, आणि बूस्टरच्या नळीवर टी दिसली की गाडी कुठल्याही कामाला आलेली असो, ती टी आधी तपासा.

मामाने भाच्याला शेवटी तेच सांगितलं होतं. बॉनेट उघडंच आहे तर बूस्टरची नळीही दाबून बघ, तीही तेवढ्याच वयाची आहे. भाच्याने बघितली. वळणावर भेगाळली होती. ती बदलेपर्यंत ढोल दुसऱ्याच्या गाडीतून गेले.

पुढच्या अंकात अल्टरनेटरवरच्या पंपाचं तेल कुठे आणि का गळतं यावर सविस्तर लेख आहे. तोवर वाचकांकडून एक माहिती हवी आहे: तुमच्या दुकानात शोधाई घेता का, किती घेता, आणि दोष सापडला नाही तर काय करता? नाव छापायचं नसेल तर तसं लिहा, फक्त गाव कळवा.