अंदाज गावापर्यंत, सल्ला कुठवर?

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारीत पाऊस झाला म्हणजे शेजारच्या शिवारातही तो झालाच असेल, असे या भागातील शेतकरी कधी म्हणणार नाही. हा लहरीपणा गणितात पकडणे हवामानशास्त्राला दीर्घकाळ साधले नव्हते. १९८८ मध्ये अमेरिकेकडून ‘क्रे’ महासंगणक आला. त्यावर पुढे चालविलेल्या जागतिक प्रतिमानाने पृथ्वीचे सुमारे १५० किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले होते. अशा एका चौकोनात जवळजवळ सारा सोलापूर जिल्हा मावावा! मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ने ही बाजू सहा किलोमीटरवर आणली. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि काळाचे टप्पेही निम्मे करावे लागतात. म्हणजे गणित आठपट वाढते. हा भार वाहण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्क’ महासंगणक आहे. त्याची क्षमता सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी गणितांची आहे.

या कामगिरीचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, सहा किलोमीटरच्या चौकोनालाही वळवाचा एखादा सुटा ढग नीट दिसत नाही. शिवाय प्रत्येक अंदाजाचा आरंभ प्रत्यक्ष मोजमापातून होतो. पर्जन्यमापके व रडार विरळ असतील, तर महासंगणक चूकही तितक्याच वेगाने करील.

अंदाज अचूक ठरला, तरी तो शेतकऱ्याच्या निर्णयात उतरला पाहिजे. काढलेला उडीद आजच झाकावा काय, फवारणी दोन दिवस लांबवावी काय, हे नकाशावरील रंग सांगत नाहीत. ते सांगण्यासाठी देशातील कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उभारण्यात आली होती. २०२४ मध्ये ती बंद करण्यात आली. चौकोन गावाएवढा होऊ लागला, त्याच सुमारास गावाशी बोलणारा माणूस काढून घेण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने याच जिल्ह्यातील उभी पिके व घरे पाण्याखाली नेली. अशा वेळी आधी मिळालेल्या एका दिवसाचे मोल काय असते, हे नदीकाठाला निराळे सांगावयास नको.

‘अर्क’ आणि नोएडातील ‘अरुणिका’ यांवर मिळून ८५० कोटी रुपये खर्च झाले. तो खर्च योग्यच होय. परंतु त्याच्या अल्पांशात गावोगावी विश्वासार्ह पर्जन्यमापक बसविता येईल आणि स्वच्छ मराठीतील सल्ला रोज ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल. तेवढी तजवीज शासनाने पुढील खरिपापूर्वी करावी.