कपभर कॉफी, चिमूटभर धीर

बोनस हातात पडला आणि मी थेट एस्प्रेसो मशीनच घेऊन घरी आलो. म्हटलं, आता कॅफेचं बिल बंद! पहिला शॉट दहा सेकंदांत भळाभळा कपात आला. चव? त्यापेक्षा चिंचेचं पाणी परवडलं. आईनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. ''अरे, तुझी ती बाटलीतली कॉफीच बरी होती की!'' महिनाभरात मशीनवर धूळ बसली. तुमच्याकडेही हेच झालं असेल, तर मशीन विकायला काढण्याआधी जरा थांबा.

बिचाऱ्या मशीनचा काही दोष नव्हता. गडबड होती दळणात. मी दुकानातली तयार पावडर वापरत होतो. एस्प्रेसोत ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी साधारण ९ बार दाबानं कॉफीतून जातं. पावडर जाडसर असेल, तर पाणी झरकन निघून जातं आणि कॉफी आंबट, पाणचट लागते. फारच बारीक असेल, तर पाणी अडून बसतं आणि कॉफी कडूजहर!

म्हणून सगळं बजेट मशीनवर उडवू नका, ग्राइंडरसाठी पैसे राखून ठेवा. मिक्सर चालणार नाही. त्यात भरड आणि पीठ एकत्रच निघतं. बर ग्राइंडर घ्या. तत्त्व आजीच्या जात्याचंच, दोन पात्यांमधलं अंतर कमी-जास्त करायचं. बिया चिकमंगळूरच्या घ्या नाहीतर कूर्गच्या, पण पाकिटावर रोस्टिंगची तारीख हवीच. महिनाभराच्या आतल्या असतील तर उत्तम.

आता हिशेब. १८ ग्रॅम पावडर, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. बास्केट लहान असेल तर १४ ला २८. एकास दोन हे प्रमाण लक्षात ठेवा. त्यासाठी छोटा डिजिटल काटा लागेलच. मशीन आधी नीट तापू द्या, एकदा नुसतं गरम पाणी सोडा. पावडर सारखी पसरवा आणि सरळ दाबा. तिरकी दाबलीत, तर पाणी एकाच बाजूनं पळेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका वेळी एकच गोष्ट बदला. वजन तेच ठेवा, फक्त दळण बदला. शॉट लवकर आला आणि आंबट लागला? बारीक दळा. रखडला आणि कडू लागला? जाड करा. मी सेकंद आणि चव वहीत लिहीत गेलो. चार-पाच शॉट सिंकमध्ये गेले, पण त्यानंतरचा जमला!

गेल्या रविवारी आईनं, दूध-साखर घालून का होईना, अख्खा कप संपवला. आमच्या घरात यालाच दाद म्हणतात, बॉस!